द्राक्षपेटीचा माग

नाशिकची द्राक्षे युरोपात नाकारली गेली की दोष कोणत्या बागेचा, हे शोधणे पूर्वी फार कठीण असे. अपेडाने 2006 साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकप्रणाली सुरू केली. बागेची कृषी खात्याकडील नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, प्रमाणपत्र अशी प्रत्येक घटना तीत नोंदली जाते. कीडनाशकाचा अंश मर्यादेबाहेर आढळताच इशारा निघतो आणि त्या बागेचा माल तेथेच थांबतो. पुरवठा-साखळीवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे खरे काम हेच : सारे सुरळीत असता गप्प राहावे, बिघडताच संबंधितांना वेळेत कळवावे.

तरीही 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपात सापडले, माल अडकला आणि बागायतदारांना जबर फटका बसला. तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते; मग इशारा निघणार कोठून? इतिहास शिकविणाऱ्या आम्हांला याचे नवल वाटले नाही. जुन्या दप्तरांतही जे विचारले गेले तेवढेच सापडते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आया हंगामात द्राक्षे खुडतात; पेटीवरून बागेचा क्रमांक कळतो, त्यांचे नाव नाही. ते रसायन मात्र नंतर यादीत घालण्यात आले.