सासूबाईंचे लिस्बन

एकट्याने परदेशी शहर पाहणे ही चैन आहे. तीन पिढ्या बरोबर घेऊन ते पाहणे हा संसार आहे! पोराचे पाय पळत असतात, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे बोलत असतात आणि मधल्या पिढीच्या हातात पासपोर्ट, औषधांची पिशवी व खाऊचा डबा. असा संसार घेऊन आम्ही 2018 च्या मे महिन्यात पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, गेलो. मंडळी चार: सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, आम्ही उभयता आणि बारा वर्षांचे चिरंजीव.

सासूबाईंचे माहेर बांद्याचे. गोव्याची हद्द तिथून अगदी जवळ. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवीला हद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या एका दिवसात गोव्याच्या सरहद्दीवर वीसाहून अधिक माणसे गेली. लिस्बनची तिकिटे काढली तेव्हा त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, "त्या सालाझाराच्या गावाक माका कित्याक नेतंस?"

पण नातवासाठी आल्या.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलेले, असे म्हणतात. आमच्या गुडघ्यांनी त्या सातांच्या सतरा मोजल्या! पायवाटा पांढऱ्या-काळ्या दगडांच्या बारीक चिपांच्या. दिसायला रांगोळी, पण पावसाची सर आली की निसरड्या. जुन्या अरुंद गल्ल्यांतून कुरकुरत चढणारी पिवळी अठ्ठावीस नंबरची ट्राम हाच म्हाताऱ्या माणसांचा आधार. सकाळी लवकर गाठली तर बसायला जागा मिळते.

पहिले दोन दिवस सासूबाई खिडकीतून पाहत, पण बोलत नसत. तिसऱ्या दिवशी भाजीच्या दुकानापुढे चिरंजीव पाट्या वाचू लागले, "बटाटा... अननस... आजी, इथे मराठीच लिहिलंय!" मग तो खेळच सुरू झाला. पाव, चावी, कोबी, पगार, नाताळ: सारे त्यांच्याकडून आपल्या घरात आलेले शब्द. 'तुरुंग'ही पोर्तुगिजांकडूनच आला, असे यांनी सांगितले. सासूबाई चटकन म्हणाल्या, "तो बरा दिला!"

बेलेंच्या भव्य मठातही त्या अशाच बोलल्या. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मान्युएलने तो बांधायला घेतला. पैसा आला आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावरच्या करातून. सासूबाईंनी कोरीव खांबांवरून नजर फिरवली. "म्हणजे आपल्या मिरीचं देऊळ!" आत वास्को द गामाची समाधी. 1498 मध्ये कालिकतला आलेला हा दर्यावर्दी 1524 मध्ये कोचीनला वारला. अस्थी पुढे मायदेशी नेल्या. समाधीवर त्याची हात जोडून निजलेली मूर्ती आहे. "आजी, हा नमस्कार करतोय," चिरंजीव म्हणाले. "आता करून काय उपयोग?"

मुख्य चर्चशेजारी अल्जूब नावाची इमारत आहे. सालाझारच्या राजवटीत 1965 पर्यंत तिथे राजकीय कैदी ठेवत. 2015 पासून तिथे संग्रहालय आहे. माणूस जेमतेम आडवा होईल अशा कोठड्यांपुढे सासूबाई थांबल्या. "हे कैदी कुठले?"

"इथलेच, पोर्तुगीज. लेखक, कामगार, विद्यार्थी."

यांनी मोहन रानडे यांचीही आठवण काढली. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तरी लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगातून ते 1969 च्या जानेवारीत सुटले. त्यांच्या मागून तिथे राहिलेले राजकीय कैदी 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर बाहेर आले. त्या दिवशी सैनिकांच्या बंदुकींच्या नळ्यांत लोकांनी फुले खोवली होती!

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मेल्यान आपल्या पोरांकय सोडल्यान नाय!"

संध्याकाळी कार्मो चौकातल्या बाकावर आम्ही बसलो. मागे 1755 च्या भूकंपात छप्पर गमावलेल्या चर्चच्या उघड्या कमानी. याच चौकातल्या बराकीत 1974 साली ती राजवट शरण आली. तिथे सासूबाईंनी नातवाला बांद्याची ती सकाळ सांगितली: घराघरांतून भाजलेल्या भाकऱ्या, पावसात भिजलेले झेंडे, आणि भाकरी मागून घेणारा, परत न आलेला एक मुलगा. माझ्या संसाराला वीस वर्षे झाली. यातले अक्षरही मी पूर्वी ऐकले नव्हते.

तेव्हा वाचकहो, वडील माणसांना परदेशी नेताना "त्यांना झेपेल का?" एवढेच पाहू नका. चार दिवसांत दोनच ठिकाणे ठरवा, दुपारची विश्रांती चुकवू नका, आणि एक दिवस त्यांना विचारा, "तुम्हाला इथे काय पाहायचे आहे?" शहर थोडे कमी पाहून होईल. पण आपल्या घरातले एखादे न पाहिलेले माणूस मात्र भेटेल.