झोपी गेलेला लॅपटॉप जागा का होत नाही?

समुद्रपूर किंवा आर्वी तालुक्यातली एखादी शाळा घ्या. निकालपत्रक अर्धे भरून होते, मधल्या सुट्टीची घंटा वाजते, आणि गुरुजी लॅपटॉपचे झाकण मिटतात. परत येऊन उघडतात, तो पडदा काळा! मग बटण दाबून धरायचे, यंत्र बंद करायचे, आणि न साठवलेले गुण पुन्हा भरत बसायचे. बोल मात्र लागतो तो लिनक्सला.

झाकण मिटल्यावर आत काय होते? लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, चालू कामे जागच्या जागी थांबवतो. मग पडदा, वाय-फाय, डिस्क यांच्या ड्रायव्हरांना, म्हणजे त्यांचे कामकाज पाहणाऱ्या प्रोग्रामांना, निजण्याचा हुकूम देतो. स्मृतीला तेवढी वीज चालू राहते. जागे होताना हीच रांग उलटी चालते. त्यात एक बैल बसून राहिला की गाडी अडली! बहुधा अडतो तो पडद्याचा ड्रायव्हर.

म्हणून आधी कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागला-विझला, तर यंत्र जागे आहे, फक्त पडदा आंधळा आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबून पाहा. कधी कधी अक्षरी पडदा येतो. दिवाही हलला नाही, तर ऑल्ट व प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी या कळा सावकाश, एकेक दाबा. काही लॅपटॉपांवर एफ-एन कळही लागते. न साठवलेले काम याने परत येत नाही. पण डिस्कवरच्या फायली बिघडण्याचा धोका कमी होतो. हे जमले नाही तरच बटण दाबून धरा.

यंत्र पुन्हा सुरू झाले की मागल्या खेपेची नोंदवही वाचा. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा त्यासाठीच आहे. झोपण्यापूर्वीच्या शेवटच्या ओळींत ज्या ड्रायव्हरचे नाव आहे, त्याच्यावर पहिला संशय घ्यावा. कर्नेल अद्ययावत करून पाहा. आणि अद्ययावत केल्यावरच बिघाड सुरू झाला असेल, तर सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नेल निवडा. सी-डॅकने २००७ साली आणलेली 'बॉस' ही देशी प्रणालीही लिनक्सच आहे. तिलाही हीच रीत लागू.

आता उलटी तक्रार: लॅपटॉप झोपतच नाही! पिशवीतून काढला तर तापलेला, बॅटरी रिकामी. वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असता, हे चांगले नव्हे. याची कारणे मुख्यतः दोन. पुष्कळ नव्या लॅपटॉपांना 'एस-टू-आयडल' ही हलकी झोपच येते, 'डीप' ही गाढ झोप त्यांत नसतेच. 'सिस'मधल्या 'पॉवर' फोल्डरात 'मेम-स्लीप' नावाची फाईल असते. तीत चौकोनी कंसात जो शब्द असेल, ती झोप चालू समजावी. 'डीप' शब्द तिथे असेल, तर तो निवडता येतो. दुसरे कारण म्हणजे यूएसबी माऊस. पिशवीत तो हलतो नि यंत्राला उठवतो. निघताना काढून ठेवा.

लांबचा प्रवास असेल, किंवा वीज केव्हा येईल याचा भरवसा नसेल, तर हायबरनेट बरे. त्यात स्मृतीतला मजकूर डिस्कवरच्या 'स्वॅप' जागेत उतरतो आणि यंत्र पूर्ण बंद होते. ही जागा पुरेशी हवी. सिक्युअर बूट चालू असल्यास पुष्कळ ठिकाणी हायबरनेट होत नाही, हेही आधी तपासून घ्या.