कॉम्प्युटर नेमका कुठे अडला?

बटण दाबलं. पंखा घुमू लागला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, त्याखाली पांढरे ठिपके गोल फिरू लागले आणि मध्येच सगळं थबकलं. माऊस हलवला, काही नाही. एन्टर बडवलं, काही नाही. "हँग झाला, बंद करून परत चालू कर," घरातलं कुणीतरी सांगतंच. थांबा, इतक्यात नको! आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याच्या इवल्याशा दिव्याकडे बघा.

हा दिवा कीबोर्डच लावतो असं वाटतं ना? खरं तर कीबोर्ड नुसता निरोप धाडतो, की कॅप्स लॉक दाबलंय. कॉम्प्युटर तो निरोप वाचतो आणि उलट हुकूम सोडतो, की लाव दिवा. मगच दिवा लागतो! म्हणजे दिवा लागत-विझत असेल, तर आत कुणीतरी अजून ऐकतंय. कॉम्प्युटर बहुधा कशाची तरी वाट बघत बसलाय. दिवा हलतच नसेल, तर प्रकरण जास्त गंभीर. (सुरू होताना काही क्षण कीबोर्डकडे लक्ष द्यायला कुणी मोकळं नसतं, म्हणून जरा थांबून पुन्हा दाबून बघायचं.)

पण वाट कशाची बघतोय? त्यासाठी बटण दाबल्यानंतरचे ते पहिले काही सेकंद नीट बघायला हवेत. मला तर ते फार विलक्षण वाटतात.

बटण दाबलं तरी प्रोसेसर लगेच कामाला लागत नाही. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, आधी स्वतःचे व्होल्ट स्थिर करतो आणि मग 'वीज ठीक आहे' असा इशारा देतो. इशारा मिळताच प्रोसेसर जागा होतो, पण त्याला काहीच आठवत नसतं. रॅम कोरी असते. हार्ड डिस्क नावाची वस्तू असते हेही त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असतो फक्त एक पत्ता. इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर १९८५ मध्ये आला. तो ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते ओळखू शकायचा, आणि जागा झाला की थेट त्यांतल्या शेवटच्या १६ पत्त्यांपाशी जायचा. तिथे पहिली सूचना लिहिलेली असायची: पुढे अमुक ठिकाणी जा. त्या सूचना मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतात, वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत.

त्या सूचनांनुसार मग हजेरी सुरू होते. प्रोसेसर? हजर. रॅम? हजर. ग्राफिक्स? हजर. डिस्क? आणि इथे उत्तरच आलं नाही, तर हजेरी तिथेच अडते. म्हणून कॉम्प्युटर कोणत्या पायरीवर थांबला, हाच सगळ्यांत मोठा पुरावा. अनेक नव्या मदरबोर्डांवर या चौघांसाठी चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहील, तिथे घोटाळा! जुने बोर्ड मात्र बीप वाजवून सांगायचे. पडदाच अजून जागा झाला नसेल, तर तक्रार लिहून दाखवणार कुठे?

एक गंमत सांगते. डीडीआर-५ रॅम असलेला अगदी नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटंसुद्धा काळा पडदा दाखवत बसू शकतो. तो बिघडलेला नसतो. रॅमशी किती वेगाने, कोणत्या क्षणी बोलायचं याचा तो सराव करत असतो. त्याला बंद करू नका!

कंपनीचं चिन्ह आलं आणि पुढे काही सरकेना, तर मागच्या बाजूला बघा. कुणाचा विसरलेला पेन ड्राइव्ह लटकतोय का? कॉम्प्युटर त्यातच विंडोज शोधत बसलेला असू शकतो. कीबोर्ड आणि पडदा सोडून सगळं काढा. आता तो सुरू झाला, तर गुन्हेगार काढलेल्या वस्तूंतच आहे. निम्म्या वस्तू परत लावा. अडला? मग याच निम्म्यांत तो आहे. नाही अडला? उरलेल्यांत. प्रत्येक खेपेला संशयित निम्मे होतात. ८ वस्तू असतील तर ३ खेपांत चोर हाती. १,०२४ असत्या तरी १० खेपा पुरल्या असत्या! अट इतकीच, की चोर एकटा हवा.

चिन्ह उमटायच्या आधीच अडत असेल, तर संशय रॅमवर. आपल्याकडे पावसाळ्यात, कोकणात तर फारच, हवेतल्या ओलाव्याने धूळ रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर चिकटते. डीडीआर-४ रॅमला अशा २८८ पट्ट्या असतात, आणि एकीचाही स्पर्श नीट झाला नाही तर आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो. दुरुस्ती करणारे काका रॅम काढून त्या पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसतात, ते तुम्ही पाहिलं असेल. हलकेच, कारण सोन्याचा थर फार पातळ असतो. हे काम मोठ्यांसोबतच करायचं. आधी प्लग काढायचा आणि मग कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. आपल्याला जाणवतही नाही इतक्या छोट्या झटक्यानेही चिप मरू शकते.

आणि सगळ्यांत अवघड कोडं? प्रत्येक वस्तू एकेकटी लावली तर कॉम्प्युटर छान चालतो, सगळ्या मिळून लावल्या की अडतो. तेव्हा कुठल्याच वस्तूचा दोष नसेल, एसएमपीएसच थकलेला असेल. त्याच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ पेक्षा कमी व्होल्ट चालत नाहीत, आणि ओझं वाढलं की थकलेला डबा त्याखाली घसरतो. तो बदलायचा. उघडायचा मात्र कधीच नाही, प्लग काढलेला असला तरी नाही: आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट बराच वेळ साठून राहू शकतात.