बाबागाडी घेताय? आधी लिफ्ट मोजा

बारसं जवळ आलं की घरात बाबागाडीचा विषय निघतोच. मामाला भेट द्यायची असते, आत्याने फोनवर चार फोटो पाठवलेले असतात आणि आजीचं ठाम मत असतं की आमची सगळी पोरं कडेवरच मोठी झाली, गाडी हवी कशाला? अशा वेळी बहुतेक घरांत दुकानातली सर्वांत भरभक्कम गाडी पसंत पडते. दुकानदार तिला ‘फुल साइझ स्ट्रोलर’ म्हणतात. रुंद गादी, मागे रेलणारी पाठ, मोठा हूड, खाली सामानाची बास्केट, जाड चाकं आणि साधारण ९ ते १४ किलो वजन. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी याच्या निम्म्या वजनाची असते.

जड की हलकी, हा वाद तसा जुनाच. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची घडीची बाबागाडी तयार केली. स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केलं होतं. मुलीने जड प्रॅमची तक्रार केली आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली. हलक्या गाडीने ओझं कमी केलं, पण ऐसपैस जागा, दणकट चाकं आणि सामानाची सोय मोठ्या गाडीकडेच राहिली. म्हणून मोठी गाडी चांगली की वाईट, याचं एकच उत्तर नाही. बाळ किती महिन्यांचं, जिना कसा आणि दाराबाहेरचा रस्ता कसा, यावर ते ठरतं. घेण्याआधी काही पक्के बसलेले समज तपासून पाहू.

गैरसमज : मोठी गाडी जन्मल्या दिवसापासून वापरता येते.

वस्तुस्थिती : काही गाड्या वापरता येतात, काही येत नाहीत, आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. पाठ उभी असेल तर डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग दबू शकतो. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार, पाठ आणि बैठक यांमधला कोन १५० अंशांपेक्षा कमी होत असेल तर ती सीट सहा महिन्यांखालच्या बाळासाठी नाही. जाहिरातीत ‘रिक्लायनिंग’ लिहिलेलं असलं म्हणजे पाठ आडवी होतेच असं नाही. दुकानात ती शेवटच्या खाचेपर्यंत खाली करून बघा. सपाट कॅरीकॉट जोडता येत असेल तर उत्तमच.

झोपेचंही ध्यानात ठेवा. गाडीत बाळ पटकन झोपतं म्हणून घरातही त्याला तिथेच झोपवायची सवय लागते. स्ट्रोलर, कारसीट, झुले अशा बसत्या साधनांत रोजची झोप नको, विशेषतः चार महिन्यांखालच्या बाळांची, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं सांगणं आहे. फिरताना डोळा लागला तर घरी आल्यावर बाळाला सपाट अंथरुणावर ठेवावं.

गैरसमज : हूडवरून दुपटं किंवा ओढणी सोडली की ऊनही लागत नाही आणि दृष्टही.

वस्तुस्थिती : ऊन अडतं, पण हवाही अडते. आत कोंडलेली हवा तापत जाते आणि तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखं घाम गाळून शरीर थंड ठेवता येत नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरड्या पातळ कापडाने झाकलेल्या गाडीतलं तापमान जवळजवळ ४ अंश सेल्सिअसने वाढलेलं आढळलं. तेच कापड ओलं करून सोबत छोटा पंखा लावला, तेव्हा तापमान जवळजवळ ५ अंशांनी उतरलं. मात्र ओल्या कापडाचा गारवा बाष्पीभवनावर अवलंबून असतो. नागपूर-जळगावच्या कोरड्या हवेत तो जाणवेल, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत फारसा नाही. शिवाय कापड वाळलं की ते पुन्हा कोरडं झाकण होतं. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर बाहेर पडणं. गाडी निवडताना हूड पुढे किती येतो आणि त्याला मागे जाळीची खिडकी आहे का, हे पाहावं. कापड वापरलंच तर ते एका बाजूने मोकळं सोडून दर थोड्या वेळाने बाळाच्या मानेला हात लावून पाहावा.

गैरसमज : चाकं मोठी असली की गाडी आपल्याकडच्या कुठल्याही रस्त्यावर चालते.

वस्तुस्थिती : मोठं चाक खड्ड्यातून आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून लहान चाकापेक्षा सहज जातं, यात शंका नाही. अडचण फूटपाथच्या कडेशी येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथ किमान १.८ मीटर रुंद हवा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात जुन्या पेठांत, गावठाणांत आणि बाजारपेठांत काय असतं ते आपण रोज बघतो. वर दुचाकी, पाणीपुरीची गाडी, विजेचा डीपी बॉक्स आणि मोटरसायकली चढू नयेत म्हणून रोवलेले खांब. ६० सेंटिमीटर रुंदीची गाडी तिथून निघत नाही. मग बाळासकट रस्त्यावर उतरावं लागतं.

कडा चढताना हँडल दाबून पुढची चाकं उचलावी लागतात. गाडी १२ किलोंची, बाळ ९ किलोंचं, वर बास्केटमधलं सामान, असं २० किलोंहून जास्त वजन दर चौकात उचलायचं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता, मुंबईचा मरीन ड्राइव्ह किंवा सोसायटीतले आतले रस्ते इथे मोठी गाडी सुखाने चालते. तुमचं रोजचं फिरणं मंडईत असेल तर हलकी गाडी किंवा बाळ अंगाशी बांधायचा कॅरियर अधिक उपयोगी.

गैरसमज : घडी होते ना? मग लिफ्टमध्येही मावेल आणि डिकीतही.

वस्तुस्थिती : भारतीय मानकांप्रमाणे सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलो भाराची असते. ती आतून साधारण ११० सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर खोल, तर दाराची फट ७० सेंटिमीटर. उघडी मोठी बाबागाडी साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि एक मीटरच्या आसपास लांब असते. म्हणजे दारातून ती जेमतेम आत जाईल, पण मागे दार बंद होईल की नाही याची खात्री नाही. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्ट तर याहून लहान. मग रोज खाली उतरताना बाळ कडेवर, गाडी घडी केलेली, पिशवी खांद्यावर, आणि वॉचमनकाकांना हाक.

डिकीचंही तसंच. छोट्या कारला सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर डिकीत उरलेल्या जागेत मोठ्या गाडीची घडी सहसा मावत नाही. त्यामुळे दुकानात जाण्याआधी टेप घेऊन लिफ्ट, तिचं दार, जिन्याचा चौक आणि डिकी मोजून घ्या. दुकानात गेल्यावर बाळ किंवा बाळाच्या वजनाची पिशवी एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने गाडी मिटून पाहा. विक्रेता दोन्ही हातांनी दोन सेकंदांत मिटवतो, त्यावर जाऊ नका.

गैरसमज : महाग आणि नावाजलेली, म्हणजे सुरक्षित.

वस्तुस्थिती : छत्रीसारख्या घडीच्या गाडीची कल्पना ज्याने आणली, त्या मॅक्लारेनच्याच कंपनीला नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांवर उपाय करावा लागला. गाडी उघडताना सांध्यात बोट सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. कंपनीने सांध्यांना झाकणं पुरवली. २०१४ मध्ये ग्रॅको कंपनीच्या ४० लाखांहून जास्त गाड्यांबाबत अशाच कारणासाठी सूचना निघाली. तेव्हा नावापेक्षा लेबल वाचा. ईएन १८८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ ८३३ या मानकांचा उल्लेख आहे का? सांधे झाकलेले आहेत का? घडीला दुहेरी लॉक आहे का? आणि गाडी उघडताना-मिटताना बाळ हाताच्या अंतरावर नको, मग गाडी कितीही किमतीची असो. नातेवाइकांकडून जुनी गाडी घेतली तर आधी ब्रेक आणि बेल्टची कुलपं तपासा.

गैरसमज : एवढी जड गाडी उलटणार कशी आणि घसरणार कशी?

वस्तुस्थिती : हँडलला भाजीची पिशवी लटकवली की वजन मागे जातं. पिशवी भरलेली असताना बाळाला उचललं, की गाडी मागच्या मागे आडवी. सामानाची जागा खालच्या बास्केटमध्ये, तीही सांगितलेल्या वजनापर्यंत.

घसरण्याचं उदाहरण जगाने पाहिलेलं आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये मेलबर्नच्या अ‍ॅशबर्टन स्थानकात आईचा हात क्षणभर सुटला आणि बाबागाडी उताराच्या फलाटावरून रुळांवर गेली. समोरून ट्रेन आली, तरी सहा महिन्यांचं बाळ सुदैवाने बचावलं. लोकलचा फलाट असो, मेट्रोचं स्थानक असो की सोसायटीच्या पार्किंगचा उतार, थांबलं की ब्रेक लावायचा आणि बाळ बसलं की पाच टोकांचा बेल्ट लावायचा. खांद्याचे, कमरेचे आणि पायांमधला, असे सगळे पट्टे लावले तरच बेल्टचा उपयोग.

गैरसमज : स्ट्रोलरची सीट कारमध्ये ठेवली की कारसीटचं काम होतं.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. कारसीट धडकेच्या चाचणीतून जाते, स्ट्रोलरची सीट जात नाही. आपल्याकडे कारमधल्या बालसुरक्षा सीटसाठी एआयएस-०७२ हे वेगळं मानक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. काही मोठ्या गाड्यांवर कारसीट बसवता येते, ती सोय चांगली. पण मग कारसीट खरी हवी.

गैरसमज : गाडीत बसवलं की मूल आळशी होतं, उशिरा चालतं.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार निरोगी मुलं साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान कधीही स्वतःहून चालू लागतात. फिरायला जाण्यापुरती गाडी वापरल्याने ते अडत नाही. अडचण तासन्‌तास बांधून ठेवण्यात आहे. याच संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पाच वर्षांखालच्या मुलांना एका वेळी एक तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नये. त्यात प्रॅम आणि स्ट्रोलर आहेत, तसंच पाठीशी बांधणंही आहे. म्हणजे आजीने सांगितलेली कडेची ऊब छानच, पण बाळाला जमिनीवर पालथं पडायला, रांगायलाही मिळायला हवं.

या भीतीचा खरा रोख वॉकरकडे असायला हवा. बाळाला मधोमध बसवून ढकलत फिरणारा चाकांचा वॉकर अपघातांमुळे इतका बदनाम झाला की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. उभं राहून ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा ही त्याहून वेगळी वस्तू.

गैरसमज : फिरवता येणारी सीट हा नुसता दिखावा.

वस्तुस्थिती : बाळाचं तोंड आपल्याकडे करता येणं ही मोठ्या गाडीची खरी जमेची बाजू. डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये ब्रिटनमधल्या २,७०० हून जास्त जोड्यांच्या निरीक्षणावरून दाखवलं, की समोरासमोर बसवलेल्या बाळांशी पालक दुपटीने बोलतात. पहिल्या वर्षात बाळाचा चेहरा दिसणं सुरक्षेसाठीही बरं.

सीट उंच असण्याचाही फायदा आहे. सायलेन्सर जमिनीजवळ धूर सोडतात आणि बाळाचं नाक त्याच पट्ट्यात असतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात बाबागाडीतल्या मुलांना पालकांपेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषकं सोसावी लागतात, असं आढळलं. सिग्नलला गाडी रस्त्याच्या कडेपासून मागे, सायलेन्सरपासून लांब उभी करा.

मग घ्यायची की नाही?

इमारतीला ऐसपैस लिफ्ट आहे, आवारात किंवा जवळच्या बागेत रोज फिरणं होतं, डिकीत जागा आहे आणि बाळ अजून लहान आहे, तर मोठी गाडी पैसे वसूल करते. गाडीवरची वजनाची मर्यादा मात्र पाहून घ्या. १५ किलोंची मर्यादा अनेक मुलं तीन-साडेतीन वर्षांच्या सुमारास ओलांडतात, २२ किलोंची गाडी त्याहून बरीच पुढे चालते. जिन्याने ये-जा, रिक्षा-लोकलचा प्रवास आणि गर्दीचा बाजार हेच रोजचं असेल, तर पहिले सहा महिने कॅरियर वापरा आणि बाळ बसू लागलं की हलकी गाडी घ्या. बारशाला गाडी भेट द्यायची असेल तर आई-बाबांना आधी विचारा आणि बदलून मिळेल अशी पावती सोबत द्या.