संकेतार्थाचे गणित : तंबाखू-नियंत्रण आणि संगणकीय प्रतिमाने



'कर वाढला नसता, तर आणखी माणसे दगावली असती.' व्याकरणात या क्रियापदरूपाला आपण संकेतार्थ म्हणतो. जे घडलेच नाही, त्याविषयी ते बोलते. एखाद्या कायद्याने किती जीव वाचले, हा प्रश्नही याच जातीचा आहे. कारण मृताची नोंद होते, वाचलेल्याची होत नाही. या प्रश्नाच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञ सदृशीकरण-प्रतिमाने योजतात.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड लेव्ही यांचे 'सिमस्मोक' हे असेच एक प्रतिमान. त्यात वय व लिंग यांनुसार लोकसंख्येचे तीन गट पाडतात : कधीही धूम्रपान न केलेले, करणारे आणि सोडून दिलेले. दरवर्षी किती जण व्यसनाला लागले, किती सुटले, किती पुन्हा वळले, किती निवर्तले, हा हिशेब पुढे चालू राहतो. करवाढ, जाहिरातबंदी, वेष्टनावरील इशारे यांचा परिणाम धरून एकदा आणि वगळून एकदा, असे गणित दोनदा मांडतात. दोहोंतील अंतर हे धोरणाचे फलित. अर्थात, पहिले गणित प्रत्यक्ष पाहणीशी जुळले, तरच दुसऱ्यावर विश्वास ठेवता येतो.

ब्राझीलमध्ये १९८९नंतरच्या दोन दशकांत धूम्रपानाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रतिमानाने असा अंदाज केला की, २०१०पर्यंत सुमारे ४,२०,००० मृत्यू टळले. धोरणांमुळे झालेल्या घटीत जवळजवळ निम्मा वाटा किंमतवाढीचा होता. मात्र अंदाजाच्या कक्षा २,६०,००० ते ७,१५,००० अशा विस्तृत होत्या, आणि अभ्यासकांनी त्या झाकून ठेवल्या नाहीत. खालचा आकडा घेतला तरी धोरणाचे मोल कमी ठरत नाही.

हे गणित आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाही. २०१६-१७च्या पाहणीनुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करतात. सिगारेट महागल्यावर मनुष्य व्यसन सोडील, की विडीकडे अथवा चुन्यातंबाखूकडे वळेल? ही वाट प्रतिमानात नसेल, तर उत्तर चुकेल.

आपल्या सीमाभागातील निपाणीला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटेल. तंबाखू पिकविणारा शेतकरी आणि विड्या वळणारी स्त्री या तीन गटांपैकी कोठे बसतात? मृत्यू मोजणारे गणित त्यांची मजुरी मोजत नाही. म्हणून करवाढ टाळावी, असे मुळीच नाही. वाचणाऱ्या जिवांत त्यांचेही जीव आहेत. परंतु त्यांच्या पर्यायी उपजीविकेचा हिशेब त्याच कागदावर मांडणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. 'असते तर' या शब्दांचे उत्तर गणित देईल. 'मग काय करावे' याचे उत्तर समाजालाच द्यावे लागेल.