पुरात मोजणी करणारे होकायंत्र

कोल्हापुरात पंचगंगेचा पूर फुटांत सांगितला जातो. राजाराम बंधाऱ्यावरील 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी शहराला तोंडपाठ असून ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. पातळीवरून पाणी कुठवर चढले ते कळते. मात्र सेकंदाला किती पाणी पुढे गेले, म्हणजे विसर्ग किती, हे वेग मोजल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, कारण खाली नृसिंहवाडीला कृष्णेचा फुगवटा आला की तीच पातळी असताना पंचगंगेचा विसर्ग कमी भरू शकतो.

हा वेग मोजण्यासाठी आता ध्वनिलहरींवर चालणारा प्रवाहमापक, म्हणजे एडीसीपी, वापरला जातो. तराफ्यावर बसवलेले हे यंत्र पाण्यात तिरक्या दिशांनी ध्वनिस्पंद सोडते आणि पाण्यातल्या गाळाच्या कणांवरून परतणाऱ्या ध्वनीच्या कंप्रतेत पडलेल्या फरकावरून निरनिराळ्या खोलीवरचा वेग काढते. तराफा स्वतःही सरकत असल्याने त्याचा वेग हिशेबातून वजा करावा लागतो, आणि एरवी तो नदीच्या तळाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मिळतो. या पद्धतीत पाण्याचा आणि तराफ्याचा असे दोन्ही वेग यंत्राच्याच चौकटीत मोजले जात असल्याने होकायंत्र चुकले तरी विसर्गाचा आकडा बिघडत नाही.

पुरात मात्र तळावरची वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर सरकू लागतात, यंत्र त्या सरकत्या तळालाच स्थिर समजते आणि विसर्ग खऱ्यापेक्षा कमी दाखवते. अशा वेळी तराफ्याचा वेग जीपीएसवरून घ्यावा लागतो. पण जीपीएस उत्तर-दक्षिण दिशांच्या भाषेत बोलतो, तर ध्वनिमापन यंत्राच्या तोंडाच्या दिशेत होते, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे आतले छोटे होकायंत्र. तराफा सेकंदाला 1 मीटर वेगाने नदी ओलांडत असताना दिशेत 5 अंशांची चूक असेल, तर प्रवाहाच्या दिशेने सेकंदाला सुमारे 9 सेंटिमीटरचा खोटा वेग हिशेबात शिरतो. पाण्याचा खरा वेगही 1 मीटर असेल तर ही चूक 9 टक्के होते. चूक सर्व दिशांना सारखी असेल तर जातानाची आणि येतानाची फेरी मिळून ती बरीचशी फिटते, परंतु लोखंडामुळे होणारी चूक यंत्राच्या तोंडाच्या दिशेप्रमाणे बदलते आणि सरासरीने जात नाही.

ही चूक दोन प्रकारांनी येते: चुंबकत्व धरून बसलेले लोखंड स्वतःचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मिसळते, तर साधे मऊ लोखंड पृथ्वीच्याच क्षेत्राला वाकवते. अंशशोधन, अर्थात कॅलिब्रेशन, करताना यंत्र तराफ्यासकट, बॅटरी आणि जीपीएस जागच्या जागी ठेवून, हळूहळू पूर्ण फिरवले जाते आणि फिरवतानाच पुढेमागे व बाजूंना झुकवले जाते, म्हणजे प्रत्येक दिशेला किती वजा-बेरीज करायची हे यंत्राला कळते. फिरवणाऱ्याने मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा आणि जाड बक्कलाचा पट्टा काढून ठेवणे हा बारकावा नव्हे, मूळ कृतीचाच भाग आहे. नंतर बॅटरी जरी बदलली तरी हे सारे पुन्हा करावे लागते. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात पंख्याचे जुने प्रवाहमापक लांब टाकीतून ओढून तपासता येतात. होकायंत्राला ती सोय पुरत नाही, त्याचे शोधन नदीकाठीच व्हायला हवे.

आणि पंचगंगेच्या काठी जागा निवडणे सोपे नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी बर्गे पावसाळ्यात काढून बाजूला रचलेले असतात, नव्या पुलांच्या पोटात सळ्या असतात, आणि घाटाचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, ज्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे पुलावर किंवा घाटाच्या पायरीवर उरकण्यापेक्षा वाहनांपासून दूर, मोकळ्या मातीच्या शेतात हे काम करणे श्रेयस्कर. चुंबकीय मापनासाठी जागा बदलण्याला महाराष्ट्रात मोठा पायंडा आहे: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम 1904 मध्ये अलिबागला उभारलेल्या वेधशाळेकडे न्यावे लागले. कोल्हापूरला निसर्गाची एक सवलतही आहे. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक येथे जोरकस असतो आणि खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांतला फरकही फार थोडा.

शोधन संपल्यावर यंत्र उरलेली चूक अंशांत दाखवते आणि ती साधारण एका अंशाच्या आत असावी, अशी अपेक्षा असते. जीपीएसच्या आधारे मोजलेल्या पूरविसर्गाच्या नोंदीत हा आकडा नसेल, तर ती नोंद अपुरीच समजली पाहिजे.