जव्हार-मोखाड्यातील महाविद्यालयीन समुपदेशन व लिंगभावविचार

स्त्रीपुरुषभेदावरून समाजाने वाटून दिलेली कामे, हक्क व बंधने यांस ‘लिंगभाव’ अशी संज्ञा आहे. जव्हार-मोखाड्यात ही वाटणी एकसारखी नाही. वारली समाजात लग्न लावण्याचा मान धवलेरी या स्त्रीस असतो. परंतु पावसाळ्यानंतर कुटुंब वीटभट्टीच्या कामास बाहेर पडले, की धाकट्या भावंडांसाठी शिक्षण सोडण्याची पाळी पुष्कळदा मुलीवर येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी लैंगिक छळाच्या तक्रारींकरिता प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत अंतर्गत समिती आवश्यक केली. मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही पीडित असू शकतात, हेही मान्य केले. तथापि समितीपुढे तक्रार लेखी यावी लागते. वसतिगृहातील मुलीस मोठे भय असते ते बातमी पाड्यावर पोहोचून शिक्षण बंद पडण्याचे; ती लिहून देण्यास धजत नाही. म्हणून समुपदेशन ही तक्रारीच्या अगोदरची पायरी ठरते. समुपदेशकाने प्रथम ऐकावे, शक्य तर तिच्याच बोलीत. संमतीवाचून घरी काही कळवू नये. १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अपराध मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांस कळवावाच लागतो. ही मर्यादा आरंभीच सांगावी. गुप्ततेची खात्री नसेल तेथे उत्तम नियमही कागदावरच राहतो.